तुरळक ठिकाणी मुंबई

हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक’ हा शब्द पावसाला लागत नसतो, ठिकाणांना लागतो. ‘मुंबईत तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ म्हणजे पाऊस चार शिंतोडे उडवून जाईल असं नाही. शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी पडेल. पण जिथे पडेल तिथे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडेल, असा तो हिशेब आहे. जुलैतल्या एका गुरुवारी रात्री सोलापूरच्या एका घरात हा हिशेब कुणालाच ठाऊक नव्हता. समोर टीव्ही चालू होता, ताटात भाकरी आणि शेंगाचटणी होती, आणि शुक्रवारच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची सहा तिकिटं कन्फर्म झालेली होती. त्या एका वाक्यातून ज्याने त्याने आपापल्या सोयीचा शब्द उचलला. सहलीची आखणी ज्यांनी केली होती त्या सहलप्रमुखांनी, म्हणजे घरातल्या कर्त्या मुलाने, ‘तुरळक’ उचलला. आजींनी ‘मुसळधार’ उचलला. दुसरीतल्या धाकट्याने फक्त ‘मुंबई’ ऐकलं. आजोबांनी काहीच उचललं नाही. त्यांनी विचारलं, “तिकडं पडला तर उजनीत येतंय का?”

पिवळा इशारा आहे, असंही टीव्हीवर सांगितलं. खात्याच्या रंगांत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. सोलापूरच्या चौकात मात्र पिवळा म्हणजे गाडी दामटा. सहलप्रमुखांनी दामटायचं ठरवलं.

जुलै हा मुंबई पाहण्याचा महिना नव्हे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मेमध्ये इथे बेचाळीस अंश आणि तिथे घाम, दिवाळीत गाडीला जागा नाही, आणि आषाढी होईपर्यंत सोलापूर जिल्ह्यातल्या घरातून कुणी हलू शकत नाही. पंढरपूरला जाणारे आणि तिथून येणारे पाहुणे अंगणापासून माळ्यापर्यंत पसरलेले असतात. एकादशी झाली, शेवटचा पाहुणा प्रसादाच्या लाह्या ठेवून गेला, आणि पौर्णिमेला लागून एक शनिवार-रविवार मोकळा सापडला. डोंबिवलीच्या मावशींना फोन लावला. “या की, पाऊस आहे, पण गाड्या चालू आहेत,” त्या म्हणाल्या. मुंबईच्या माणसाला हवेचे दोनच प्रकार माहीत असतात: गाड्या चालू आणि गाड्या बंद.

सहलप्रमुखांनी यादी केली होती. चौदा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ आणि वेळेपुढे बरोबरची खूण करायला चौकोन. आणि ती यादी त्यांनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली होती. त्या घरातून पावसाची पूर्ण तयारी करून निघालेली ही एकच वस्तू. बाकी सामानात दोन छत्र्या, धपाट्यांचा डबा, मावशींसाठी एक चादर (सोलापूरकर माणूस रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जात नाही आणि दुसरं काही न्यायचं त्याला सुचत नाही) आणि सूनबाईंनी मोजून घेतलेले सहा टॉवेल. टर्किश टॉवेल ही सोलापूरची चादरीइतकीच जुनी ओळख; दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. “एवढे कशाला?” असं सहलप्रमुखांनी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, “असू देत.”

गाडीत सगळे झोपले, आजोबा सोडून. त्यांना लोणावळ्यापर्यंत जागायचं होतं, आणि त्याला कारण होतं. उजनी भरते ती सोलापूरच्या पावसावर नाही. ती भरते पुण्याकडच्या आणि घाटमाथ्याच्या पावसावर. लोणावळ्याच्या बाजूला पडलेला थेंब इंद्रायणीत जातो, इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. तोच थेंब डोंगराच्या पलीकडच्या अंगाला घसरला की उल्हास नदीतून अरबी समुद्रात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सोलापूरचा माणूस आपल्या गावच्या आभाळाकडे पाहत नाही, पुण्याच्या बातम्या पाहतो. पुण्यात रस्त्यांवर पाणी आलं की पुणेकर वैतागतो आणि सोलापूरकर चहा मागवतो. त्यातून उजनीचं गणितही न्यारं. धरणातला मृतसाठा त्रेसष्ट टीएमसीच्या वर आणि जिवंत साठा त्याच्याहून कमी, सुमारे साडेत्रेपन्न. जिवंत साठा संपला की टक्केवारी शून्यावर थांबत नाही, उणे होत जाते. ‘उणे तीस टक्के’ हा आकडा शाळेतल्या पोराला गणिताच्या मास्तरांआधी उजनी शिकवते.

तर पहाटे, घाटात गाडी हळू झाली आणि काळोखात दोन्ही बाजूंनी पाण्याचा आवाज यायला लागला तेव्हा आजोबांनी खिडकीला कान लावला. बराच वेळ ऐकलं आणि मग शेजारच्या बर्थवर जागा झालेल्या नातवाला सांगितलं, “इथवरचा आपला. आता पुढं पडतो तो त्यांचा.”

त्यांचा पाऊस सीएसएमटीच्या फलाटाबाहेर उभाच होता. यादीत पहिलं ठिकाण तेच: फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली, १८७८ साली बांधायला घेतलेली आणि दहा वर्षं बांधली गेलेली इमारत, २००४ पासून जागतिक वारसा. ती नीट पाहायची तर रस्त्यापलीकडे जावं लागतं, म्हणजे सहा माणसं, चार बॅगा, दोन छत्र्या. पहिल्याच वाऱ्याला मोठी छत्री उलटी झाली आणि वाडग्यासारखी भरू लागली. आजोबांनी ती सरळ करायला मना केली. भरतेय तर भरू दे.

इमारतीचा घुमट धुक्यात गेला होता. त्या घुमटाच्या टोकाला एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेला प्रगतीचा पुतळा असतो, तो त्या सकाळी सुट्टीवर होता. सहलप्रमुख यादीतलं वाचून दाखवत होते आणि पाचजण जे वाचलं जात होतं ते सोडून इतरत्र पाहत होते. अशा वेळी आजोबांना ते जनावर दिसलं. भिंतीच्या वरच्या अंगाला, कोपऱ्यातून मान बाहेर काढून बसलेलं, दगडी. आणि त्याच्यापाशी मनगटाएवढी धार सुटलेली, भिंतीला न शिवता थेट खाली. युरोपातल्या गॉथिक इमारतींवर अशी जनावरं बसवायची रीत होती. छपराचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर दगड आणि चुना खातं, म्हणून ते तोंडावाटे लांब फेकायचं. इंग्रजीतल्या त्या ‘गार्गॉइल’ शब्दाचं मूळ फ्रेंचमध्ये घशाशी जाऊन पोचतं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हे गुळण्या करणारं जनावर. मुंबईतल्या त्या काळच्या इमारतींवर अशी दगडी जनावरं पुष्कळ आहेत. हिवाळ्यात येऊन फोटो काढणाऱ्याला ती नुसती शोभा वाटतात. त्यांना ड्युटीवर पाहायचं तर जुलैतच यावं लागतं.

“गोमुखच की,” आजी म्हणाल्या आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

“गाय कुठली, मगर आहे ती,” आजोबा म्हणाले. थोरल्या नातीच्या मते कुत्रा होता. यावर एकमत झालं नाही. आजोबांचं लक्ष मात्र जनावरावर नव्हतंच, धारेवर होतं. ती फुटपाथवर पडत होती, फुटपाथवरून रस्त्याकडेच्या जाळीत जात होती, आणि जाळीतून कुठे जाते हे त्यांनी शेजारी आडोशाला उभ्या असलेल्या एका माणसाला विचारलं. “समुद्रात,” तो म्हणाला. “सगळं?” “मग कुठे जाणार, काका?” नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावचे ते म्हातारे गृहस्थ काही वेळ काही बोलले नाहीत.

सहलप्रमुखांनी चौकोनात खूण करण्यासाठी पेन काढलं. लॅमिनेशनवर पेन चालेना. थोरलीच्या कंपासपेटीतलं स्केचपेन चाललं.

पुढे गेटवे. पर्यटनाच्या पुस्तकांत गेटवेच्या कमानीतून पलीकडे निळा समुद्र दिसतो. त्या शनिवारी कमान होती, पलीकडे मात्र काहीच नव्हतं. नुसता राखाडी पडदा, आणि त्याच्या मागे कुठेतरी पाणी पाण्यावर आपटत असल्याचा आवाज. सव्वीस मीटर उंचीच्या त्या वास्तूचा वरचा भागही अधूनमधूनच हजेरी लावत होता. घारापुरीच्या बोटी बंद होत्या. खवळलेल्या समुद्रात त्या सोडत नाहीत, आणि ते बरंच आहे; तासाभराचा तो प्रवास धपाटे खाल्लेल्या पोटाने करायचा नसतो. सहलप्रमुखांनी पडद्याच्या दिशेला बोट करून सांगितलं, “त्या तिकडे लेणी आहेत.” सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी घारापुरीसमोरही खूण केली. ‘पाहिलं’ या क्रियापदाचा अर्थ सैल व्हायला इथे सुरुवात झाली. जिथे ठिकाण आहे त्या दिशेला तोंड केलं की पाहिलं.

यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या स्वागतासाठी ही कमान, त्या पंचम जॉर्जने तरी काय पाहिलं होतं? १९११च्या डिसेंबरात राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले. कमान तोवर कुठे होती! त्यांना पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहावी लागली. डिसेंबर होता म्हणून पुठ्ठा टिकला; जुलैत आले असते तर लगदाच पाहून पुढे जावं लागलं असतं. दगडाची कमान पुरी होऊन खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ला. वरात येऊन, जेवून, परत जाऊन तेरा वर्षं झाल्यावर मांडव उभा राहिला. आणि त्या मांडवाखालून २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिशांच्या फौजेची शेवटची तुकडी निघून गेली, म्हणजे तो नीट वापरला गेला तो पाठवणीलाच. शेजारचं ताज हॉटेल १९०३चं. त्याने हा सगळा सोहळा शांतपणे पाहिला. सोलापूरच्या सहाजणांनीही ताज शांतपणे पाहिला, कारण जवळपास आडोसा तेवढाच होता आणि तोही समोरून नुसता पाहायचा.

तिथून संग्रहालय. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही पावसाळ्यातल्या मुंबईतली सर्वांत लोकप्रिय जागा असावी, आणि त्यात पुराणवस्तुशास्त्राचा वाटा थोडा. छप्पर मोठं आहे. दारात छत्र्यांचा ढीग, फरशीवर ओल्या चपलांचे ठसे, आणि मूर्तींसमोर अत्यंत भाविकपणे, खरं तर पंख्याखाली, उभे असलेले लोक. हीही वास्तू जॉर्ज विटेट यांचीच, गेटवेची ज्यांची त्यांचीच. आणि पायाभरणी त्याच पंचम जॉर्जची, तो युवराज असताना, ११ नोव्हेंबर १९०५ला. इमारत उभी राहिली तोवर पहिलं महायुद्ध आलं. मग काही वर्षं तिचं लष्करी इस्पितळ झालं, आणि वस्तू पाहायला लोक आत येऊ लागले ते १९२२च्या जानेवारीत. जॉर्जच्या नावाने मुंबईत जे काही सुरू व्हायचं ते असं सावकाश व्हायचं.

इथे सोलापूरकरांची खरी पंचाईत झाली. मधल्या दालनात उभं राहून सहलप्रमुखांनी वाचलं की, हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेला आहे. सहा माना वर झाल्या. विजापूर सोलापूरपासून शंभर किलोमीटर. सोलापुरात पाहुणा आला आणि दुसऱ्या दिवशीही गेला नाही तर त्याला गोलघुमट दाखवून आणायचा, ही तिथली जुनी वहिवाट. या घराच्या आजवर किमान वीस फेऱ्या झालेल्या. “म्हणजे,” सूनबाई सावकाश म्हणाल्या, “आपण साडेचारशे किलोमीटर येऊन आपल्याच दारातला बघायलोय.” आणि कुणी काही म्हणायच्या आत धाकट्याने, गोलघुमटात गेल्यावर माणसाने जे करायचं असतं ते केलं. पोटातून जोर काढून “ओऽऽऽ” अशी आरोळी ठोकली आणि ती सात वेळा परत यायची वाट पाहत कान देऊन उभा राहिला. परत आला तो सुरक्षारक्षक, एकदाच. तो मूळचा आपल्याच बाजूचा निघाला. विजापूर म्हटल्यावर त्याने समजून घेतलं. उलट त्याला उजनीची चिंता होती. आजोबांना त्या दालनातली सर्वांत चांगली वस्तू तीच वाटली.

दुपारी दीड वाजता भरती होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईची मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, आणि साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा पावसाळ्याआधीच जाहीर होतात. बाहेरगावच्या माणसाने त्या पाहायच्या त्या टाळण्यासाठी. मुंबईकर त्या पाहतो जाण्यासाठी. मरीन ड्राइव्हवर लोक रांगेने उभे होते, हातात भाजलेली कणसं, आणि पोलीस शिट्ट्या मारून त्यांना कठड्यापासून मागे रेटत होते. लाट चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर फुटायची, दोन माणसं उंच व्हायची, क्षणभर हवेत थांबल्यासारखी वाटायची आणि मग रस्त्यावर येऊन पडायची. तिच्यासोबत कालपरवा शहराने समुद्राला दिलेलंही परत येत होतं: पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, एक डावी चप्पल. धाकट्याची चप्पल गेटवेवर एका डबक्यात गेली होती. त्याने आशेने पाहिलं, पण ही मोठ्या माणसाची होती.

आजोबा सकाळपासून ‘सगळं समुद्रात जातं’ हे मनाला लावून बसले होते. त्यांना इथे जरा बरं वाटलं. “देतोय की परत,” ते म्हणाले.

कठड्याजवळ गेल्याची शिक्षा म्हणून यादीही एका लाटेत सापडली. सहलप्रमुखांनी ती पुसली तेव्हा लॅमिनेशन लखलखीत होतं. कागदाला थेंबही लागला नव्हता. गेल्या होत्या त्या फक्त स्केचपेनच्या खुणा. सीएसएमटी, गेटवे, घारापुरी, ताज, संग्रहालय: सगळे चौकोन कोरे. कायद्याने पाहिलं तर त्यांनी मुंबईत अजून काहीच पाहिलेलं नव्हतं.

डोंबिवलीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गाड्या चालू होत्या, म्हणजे उभ्या राहून राहून चालू होत्या. मावशींच्या घरी गरम पाणी, गरम पिठलं आणि काकांची सव्वीस जुलैची गोष्ट तयार होती. मुंबईच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक घरात ही गोष्ट असते आणि बाहेरगावचा पाहुणा थोडासा भिजून आला की ती काढतात, यासाठी की त्याने आपल्या भिजण्याचं फार काही मानू नये. काका त्या रात्री कुर्ल्याहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले होते, चालत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापुरात सबंध वर्षात पडतो त्याहून तो जास्त. आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला ७३. हा आकडा ऐकून सहलप्रमुखांना ‘तुरळक ठिकाणी’चा अर्थ कळला, पण चादर तोवर देऊन झाली होती आणि परत जाण्याचं तिकीट रविवार रात्रीचं होतं.

आजोबांचा प्रश्न वेगळा होता. एवढं पाणी समुद्रात जाऊ शकतं, तर रस्त्यात साठतं कशाला? काकांनी ताटाच्या कडेला वाटी ठेवून समजावलं. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली, आणि तेही ओहोटी असेल तर. भरतीला समुद्राची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर जाते. मग पाणी बाहेर जायचं सोडून आतच यायला बघतं. म्हणून तोंडाला झडपा लावायच्या, आणि आतलं पाणी पंपांनी उचलून पलीकडे टाकायचं. हाजी अली, वरळी अशा ठिकाणी त्यासाठी मोठी उदंचन केंद्रं बांधली आहेत. आजोबांनी पिठल्यातला घास हातात तसाच ठेवला.

“म्हणजे इथे पाणी टाकायला मोटर लावतात?”

“लावावीच लागते.”

सोलापुरात पाणी यायच्या रात्री मोटर लावायला पहाटे तीनला उठणारा तो माणूस होता. त्याने घास खाल्ला, पण तो त्याला लागला नसावा.

आणखी एक गोष्ट काकांनी जाता जाता सांगितली, तिने आजोबांचं शेवटचं समाधान गेलं. मुंबई ज्या सात तलावांचं पाणी पिते त्यांतले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईत आहेत. बाकीची मोठी धरणं ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. दादरला गुडघाभर पाणी असलं तरी मुंबईकर पेपरात तलावांची पातळी शोधतो आणि म्हणतो, इथे पडून काय उपयोग, तिकडे पडायला पाहिजे. “सेम सोलापूर,” थोरली म्हणाली. कुणी तिला उत्तर दिलं नाही, पण तिने दिवसभरात केलेलं ते एकमेव विधान सर्वांच्या लक्षात राहिलं.

रविवारी मेगाब्लॉक होता. त्याचं वर्णन करायचं कारण नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना ते खरं वाटणार नाही. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत पोचायला साडेअकरा झाले. १८६२ पासूनची बाग, झाडं अशी की पाऊस थांबल्यावरही त्यांच्याखाली अर्धा तास पडत राहतो. वाघ गुहेत होता, अस्वल गुहेत होतं, हत्ती दिसला तो पाठीकडून. कुठल्याही शहाण्या प्राण्याने जे करावं ते बागेतले सगळे प्राणी करत होते. बाहेर फिरत होता तो फक्त माणूस. तोही हळूहळू एकाच दिशेने सरकत होता, पेंग्विनांच्या कक्षाकडे, कारण तिथे छप्पर होतं.

हे पेंग्विन २०१६च्या जुलैत सोलहून आले, म्हणजे मुंबईत तेही ऐन पावसाळ्यातच उतरले. त्यांनी मात्र तो पाहिला नाही. त्यांच्यासाठी काचेआड सोळा-अठरा अंशांचा बंदोबस्त आहे. काचेच्या अलीकडे दीडशे भिजलेली माणसं दाटीने उभी, कपड्यांतून वाफा निघतायत, आणि पलीकडे काळे-पांढरे, इस्त्रीतले, कोरडे-ओले होण्याची पूर्ण मुभा असलेले पेंग्विन. ते पाण्यात उडी मारायचे, मजेत एक फेरी मारायचे आणि वर येऊन अंग झटकायचे. एक काचेपाशी आला आणि धाकट्यासमोर उभा राहिला. दोघांची उंची साधारण जमत नव्हती, पण उभं राहायची पद्धत एक होती: हात अंगापासून लांब, बोटं ताठ, ओला माणूस उभा राहतो तशी. धाकट्याच्या डोक्यावर टॉवेल होता. आजींच्या खांद्यावर टॉवेल होता. सूनबाईंनी साडीवरून टॉवेल गुंडाळला होता, थोरलीने कुणी पाहत नाही असं समजून गळ्यात. कक्षातल्या गारठ्याने सोलापुरी टॉवेलांचं सोनं झालं होतं. पेंग्विन सहाजणांकडे मान तिरकी करून पाहत राहिला. त्या क्षणी तिकीट कोणी कोणाचं काढलं होतं हे सांगणं अवघड होतं.

थोरलीने फोनवरून वाचलं: हे हम्बोल्ट जातीचे, बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे. समुद्राचा थंड प्रवाह बाजूने जातो म्हणून तिथे पाणी गार, पण किनारा मात्र जगातल्या अतिकोरड्या पट्ट्यांपैकी. पाऊस जवळजवळ नाहीच.

आजोबा पुढे सरकले. “म्हणजे दुष्काळी भागातले,” ते म्हणाले. “आपल्यासारखेच की.” आणि मग बाकीचे पुढे गेले तरी ते तिथेच थांबले. काचेवर हात ठेवून त्यांनी त्या पाहुण्याला काहीतरी सांगितलं. काय ते कळलं नाही. मागून रांग ढकलत होती.

उरलेली यादी टॅक्सीतून झाली. मलबार हिलवरचा हँगिंग गार्डन १८८१ सालचा आणि तो शहराच्या पाण्याच्या टाकीवर वसवलेला आहे, ही माहिती सहलप्रमुखांनी वाचली तेव्हा बाहेर पाणी, खाली पाणी, काचेवर आतून वाफ, असं सगळं जुळून आलं होतं. म्हातारीचा बूट काचेवर बोटाने भोक पाडून पाहिला. हाजी अलीचा रस्ता भरतीत बुडाला होता, तिकडे तोंड केलं. तीन ठिकाणं झोपेत गेली. टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, “पहिल्यांदाच आलात?” आणि सहलप्रमुखांनी “होय” म्हणण्याऐवजी यादी उचलून त्याला दाखवली, कोरीच्या कोरी, नवी असल्यासारखी.

परतीच्या गाडीत सहा ओले टॉवेल एका बॅगेत होते. टर्किश टॉवेलचा गुण असा की तो पाणी पटकन घेतो आणि सहजासहजी सोडत नाही. ती बॅग उचलायला दोघं लागले. “काय भरलंय यात?” असं हमालाने विचारल्यावर आजोबा म्हणाले, “मुंबईचं पाणी. नेतोय.”

सोमवारी सकाळी सोलापूरचं आभाळ स्वच्छ होतं आणि ऊन आठ वाजताच चटके देत होतं. आजींनी पहिला टॉवेल तुळशीवर पिळला, दुसरा कढीपत्त्यावर. बाकीचे गच्चीवरच्या तारेवर टाकले, ते पंधरा मिनिटांत कडक झाले. धाकटा शाळेत गेला आणि मुंबईत काय पाहिलं याला एका शब्दात उत्तर देऊन आला: पेंग्विन. यादी फ्रिजवर चिकटवली गेली, पुढच्या वेळेसाठी.

आजोबा ओट्यावर बसले होते. शेजारचे अण्णा पेपर घेऊन आले, तेव्हा हात करून दाखवणं चालू होतं: “ह्या मनगटाएवढी धार. मगरीच्या तोंडातनं. आणि अण्णा, काय सांगू, मोटर लावून समुद्रात टाकतात.”

अण्णांनी ऐकून घेतलं. मग पेपराची घडी उघडली, आतल्या पानावरचा रकाना शोधला आणि चष्मा वर केला.

“आज उणे बारा,” ते म्हणाले.

“परवा किती होती?”

“उणे साडेबारा.”

आजोबांनी आत हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितलं.